अकरा कंस, सात छिद्रं

"माझ्याकडे चोरी झालेली नाही," आलेले गृहस्थ खुर्चीच्या कडेवर टेकत म्हणाले. "उलटंच झालंय. कुणीतरी मला काहीतरी देऊन गेलंय. ते कोण, एवढं शोधून द्या."

भावजींनी वहीत 'चोरी' असं आधीच लिहून ठेवलं होतं. त्यांनी ते खोडलं.

कागद-पेन्सिलींच्या दुकानावरची ती खोली वहिनींची कचेरी. वीस वर्षं विमा कंपनीसाठी जळकी गोदामं तपासल्यावर त्यांनी खाजगी तपासाचा स्वतःचा धंदा काढला होता. बँकेतून निवृत्त झालेले त्यांचे धाकटे दीर घरी बसून कंटाळले, तेव्हा वही लिहायला म्हणून यायला लागले. ते त्यांना वहिनी म्हणत, त्या त्यांना भावजी म्हणत. हळूहळू येणारी-जाणारी माणसंही तसंच म्हणू लागली.

आलेले गृहस्थ सत्तरीचे होते. मोजणी खात्यात छत्तीस वर्षं नकाशे काढल्यामुळे लोक त्यांना नकाशेकाका म्हणत. शर्ट कडक इस्त्रीचा होता, आणि उजवा हात आल्यापासून खिशात होता.

"सुरुवातीपासून सांगा," वहिनी म्हणाल्या.

"आपलं संग्रहालय एक जुनं यंत्र नव्यानं घडवून घेतंय. यंत्रराज. पितळेची गोल तबकडी असते, तिच्यावर आकाशाची वर्तुळं आणि कंस कोरलेले असतात. घड्याळं नव्हती त्या काळात ताऱ्याची उंची बघून लोक यावरून वेळ काढायचे. दालनात लावायला म्हणून हे मोठं करायचंय. कोरण्याआधी कागदावर रेखाटन लागतं, आणि तेही जुन्याच पद्धतीनं हवं होतं. कंपास, पट्टी, गुण्या, शाई. संगणक नाही. काम मला दिलं."

"मग अडचण कुठे आली?"

काकांनी खिशातला हात बाहेर काढून टेबलावर ठेवला. बोटं थरथरत होती, आणि ती थांबवण्याचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

"निम्म्यावर शाई सांडली. कागदाची सुरळी करून कपाटावर टाकली. कुणाला बोललो नाही. हातावर उपचार घ्यायला महिनाभर मुलाकडे गेलो. परत येतो तर संग्रहालयाचं पत्र. 'आपलं रेखाटन मिळालं, अप्रतिम आहे.' कुणीतरी सकाळी त्यांच्या दारात नळकांडं ठेवून गेलं होतं. मी जाऊन बघितलं. आराखडा माझा, खाली नाव माझं, आणि एकही रेघ माझी नाही. शनिवारी माझा सत्कार आहे."

"मग घ्या की करून," भावजी म्हणाले. "आयतं ताट समोर आलंय."

"एकदा असं आयतं ताट जेवलोय," काका म्हणाले. "ते अजून पचलेलं नाही. दुसरं नको."

वहिनींनी मान वर केली, पण त्याबद्दल काही विचारलं नाही. "आराखडा कुणी कुणी पाहिला होता?"

"पेन्सिलीचा आराखडा माझ्या खोलीच्या भिंतीवरच असतो. मी नसताना घरी दोन माणसं आली होती. एक माझा विद्यार्थी, तंत्रशाळेत शिकवतो. दुसरा पितळ कोरणारा, त्याला सगळे छिन्नी म्हणतात. पुढचं कोरीवकाम तोच करणार आहे. आणि आणखी एक गोष्ट. संग्रहालयानं जाड कागदाचे तीन ताव दिले होते. एक मी नासवला. दोन उरायला हवेत. एकच उरलाय."

"तुमची हत्यारं?"

"कंपासपेटी मी बरोबर नेली होती. हात सुधारेल या आशेनं."

"घरात आणखी कोण असतं?"

"थोरली बहीण. आक्का. शिवणकाम करते." काका उठले. दारापाशी थांबून म्हणाले, "चौकशीला घरीच या. मागच्या खोलीत बसू. तिथे उजेड चांगला असतो."

*

संग्रहालयाच्या संचालिकांनी रेखाटन एका मोठ्या मेजावर पसरून दाखवलं. हात फैलावून धरावं लागेल एवढा ताव. त्यावर काळ्या शाईची वर्तुळं एकात एक गुंतलेली होती. इतकी, की भावजींना बघता बघता गरगरल्यासारखं झालं. पण कुठे रेघ जाड झालेली नाही, कुठे शाई फुटलेली नाही.

"आमचं मंडळ म्हणत होतं, म्हाताऱ्यांकडून होणार नाही, संगणकावरून छापून घ्या," संचालिका म्हणाल्या. "महिनाअखेरपर्यंत कागद आला नसता तर तसंच झालं असतं. हा आला आणि सगळे गप्प झाले. अजून चार रेखाटनं बाकी आहेत. काका करतील ना?"

वहिनींनी भिंग काढलं. "भावजी, हे उभे कंस बघा. सगळे वरच्या एका बिंदूतून निघतात, संत्र्याच्या फोडींसारखे. मोजा."

"अकरा."

"कंपासचं टोक रोवतात तिथे छिद्र पडतं. त्या कंसांची छिद्रं या आडव्या रेघेवर आहेत. ती मोजा."

भावजींनी दोनदा मोजली. "सात. चार कमी आहेत, वहिनी. बुजवली असतील."

वहिनींनी ताव उलटा करून उजेडावर धरला. "बुजवलेलं छिद्र मागून दिसतं. इथे काही नाही. कोणत्या चार कंसांना छिद्र नाही, ते बघा."

"डावीकडचे दोन, उजवीकडचे दोन. सगळ्यात चपटे."

"लिहून ठेवा."

मग त्यांनी चित्राच्या मध्यबिंदूवर भिंग नेलं. त्या एका बिंदूभोवती लहान-मोठी डझनभर वर्तुळं फिरली होती. छिद्र मात्र सुईच्या अग्राएवढंच होतं. त्याच्याभोवती नखाएवढा एक चौकोन किंचित चमकत होता. भिंगातून बघितलं की त्या चौकोनात उभ्या-आडव्या बारीक रेषांची जाळी दिसे, जणू ओल्या कागदावर कुणी कापडाचा तुकडा दाबला होता.

"डाग आहे," भावजी म्हणाले.

"डाग चौकोनी नसतात," वहिनी म्हणाल्या.

*

काकांच्या घराच्या मागच्या खोलीत खरंच चांगला उजेड होता. खोलीभर पसरलेलं सात फुटी कातरकामाचं टेबल, शिवणयंत्र, भिंतीवर कात्र्या, गुण्या आणि एक चार फुटी लाकडी पट्टी टांगलेली. पट्टीच्या एका टोकातून बारीक खिळा आरपार गेला होता.

आक्का पंचाहत्तरीच्या आसपास होत्या. काटक, बुटक्या, नाकावर घसरलेला चष्मा. कॉलरमध्ये घालायचा बकरमचा जाळीदार तुकडा त्या इस्त्रीनं चिकटवत होत्या, आणि पाहुणे आले म्हणून त्यांनी इस्त्री थांबवली नाही.

"चहा तो आणेल," त्या काकांकडे बघून म्हणाल्या. "कप निम्मेच भरतो हल्ली. तेवढंच कमी सांडतं."

काका आत गेले. भावजींना टेबलाच्या अगदी टोकाला जागा मिळाली. वहिनींनी विचारलं, "काका नसताना त्यांचा विद्यार्थी आला होता म्हणे."

"आला होता. आराखड्यासमोर दहा मिनिटं उभा राहिला. काहीतरी सांगायचं होतं त्याला, पण न सांगताच गेला."

"आणि छिन्नी?"

"तो पितळेच्या पत्र्याचं माप घ्यायला आला. बडबड करून गेला."

"जाताना त्यांच्या हातात काही होतं? कागदाची सुरळी वगैरे?"

"दोघांनाही दारापर्यंत सोडायला मीच गेले होते. रिकाम्या हातानं आले, रिकाम्या हातानं गेले. एवढा ताव काय खिशात घालून नेतील?"

"त्याशिवाय घरात कुणी?"

"माझी गिऱ्हाइकं येतात. ती पुढच्या खोलीतूनच परत जातात."

चहा आला. काकांनी आपली कंपासपेटीही आणली आणि दाखवायला म्हणून उघडून ठेवली. भावजींनी मोठा कंपास उचलला आणि वहीच्या पानावर वर्तुळ काढायचा प्रयत्न केला. टोक घसरलं आणि वर्तुळाचं बटाट्यासारखं काहीतरी झालं.

"मुठीत धरू नका त्याला," आक्का इस्त्रीवरची नजर न हलवता म्हणाल्या. "वरची दांडी दोन बोटांत घ्या. आणि ज्या बाजूला फिरवाल, त्या बाजूला जरासा कलू द्या."

भावजींनी तसं केलं. वर्तुळ बंद झालं.

"तुम्हांला यातलं कळतं?" वहिनींनी विचारलं.

"जन्मापासून घरात हेच बघतेय."

"ती पट्टी कशाला लागते?"

"पायघोळ झग्याचा घेर आखायला. खिळा रोवायचा, दुसऱ्या टोकाला खडू धरायचा आणि फिरवायची."

भावजींनी कप ठेवला तर बशी डुगडुगली. खाली बघितलं तर टेबलाच्या कडेपासून दोन बोटं आत एक बारीक भोक होतं, आणि त्याच्याभोवती लाकडाचा जरासा उंचवटा. आणखी थोडं आत दुसरं. "आक्का, टेबलाला कीड लागलीय वाटतं. वेळीच औषध घाला, नाहीतर सगळं पोखरेल."

"जुनं लाकूड आहे," आक्का म्हणाल्या. "भोकं पडतातच."

निघताना वहिनींनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुम्हांला काय वाटतं, कुणी काढलं असेल ते चित्र?"

"मला काय विचारता? मी घेर काढणारी बाई."

काका दारापर्यंत आले. वहिनींकडे ते ज्या नजरेनं बघत होते, ती डॉक्टर काय सांगतात याची वाट बघणाऱ्या माणसाची होती.

*

छिन्नीच्या दुकानात पाऊल टाकलं की पितळेचा कीस चपलेला चिकटे. तो स्वतः हडकुळा आणि बोलका होता. लोखंडी पत्रा ठोकलेल्या बाकावर वाकून तो एक नावाची पाटी कोरत होता.

"मी काढलं असतं तर छातीवर लावून फिरलो असतो," तो म्हणाला. "पण कागदावर माझा हात चालत नाही हो. पितळ कसं, अडवतं. कागद अडवतच नाही. हे बघा." त्यानं एका जुन्या पावतीच्या पाठीवर कर्कटकानं वर्तुळ काढून दाखवलं. निम्म्यावर कागद टर्रकन फाटला.

"काकांचा हात थरथरतो, हे तुम्हांला माहीत होतं?" वहिनींनी विचारलं.

छिन्नीनं हातातलं हत्यार बाकावर ठेवलं. "तीन महिन्यांपूर्वी बघितलं. कप तोंडाला नेताना. कुणाला बोललो नाही. संग्रहालयाला कळलं असतं तर काम काढून घेतलं असतं. त्यांचंही आणि माझंही. नुसती छापील तबकडी लावली असती भिंतीवर. पितळ कोण कोरून घेतंय मग?"

"मग कागद आला तेव्हा तुम्हांला शंका नाही आली?"

"आली ना. पण देणाऱ्याचा हात कोण पिरगळतो?" तो पुढे झुकला. "एक सांगू? काढणारं माणूस फार मुरलेलं आहे. मधलं छिद्र बघितलंत? तिथून बारा-चौदा वर्तुळं फिरलीत. एरवी छिद्र मोठं होतं आणि वर्तुळं हलतात. याचं नाही झालं. म्हणजे मध्यावर आधी काहीतरी चिकटवलं, त्यावर टोक रोवलं आणि नंतर काढून टाकलं. काका त्यासाठी खापडी वापरतात, शिंगाची पातळ पारदर्शक चकती. हिचा ठसा वेगळाच आहे."

"हिचा?" भावजी म्हणाले.

"खापडीचा हो. त्या चिकटवलेल्या वस्तूचा."

*

तंत्रशाळेतले सर चाळिशीचे होते. त्यांनी दोघांना आपल्या खोलीत नेलं, दार लावलं आणि न विचारताच सांगायला सुरुवात केली.

"मी चूक केलीय. पण तुम्ही समजता ती नाही."

त्यांनी कपाटातून एक गुळगुळीत छापील कागद काढला. त्यावर तोच यंत्रराज होता. रेघ न् रेघ सारखी, आणि तरी त्यात जीव नव्हता.

"काकांचा हात गेलाय हे माझ्या लक्षात आलं होतं. म्हटलं, त्यांची लाज राखायची तर संगणकावर काढून ठेवू, वेळ आली तर देऊ. त्या दिवशी हेच सांगायला घरी गेलो. आराखड्यासमोर उभा राहिलो आणि जीभ रेटेना. त्यांनीच मला हातानं रेघ मारायला शिकवलं, आणि मी छापील कागद घेऊन उभा."

"हातानं काढायचा प्रयत्न केला नाहीत?"

"कुठे काढणार? हे बघा." त्यांच्या उंच टेबलावर काचेचा पृष्ठभाग होता, खालून दिवा लागणारा. "काचेवर कंपासचं टोक रुतत नाही. आमच्या सगळ्या वर्गांत आता हीच टेबलं आहेत. माझ्या कंपासला गंज चढलाय, खोटं कशाला सांगू?"

वहिनींनी बोटानं काचेवर टकटक केलं. "सर, एकच शंका विचारते. कंस चपटा असेल तर त्याचा मध्य कुठे असतो?"

"लांब. जितका चपटा, तितका लांब. आमच्या काळात लहान कागद असला की मध्य कागदाबाहेर जायचा. मग—" सर बोलता बोलता थांबले आणि त्यांनी वहिनींकडे बघितलं.

"मग टोक टेबलात रोवायचं," वहिनींनी वाक्य पुरं केलं. "उद्या दुपारी काकांच्या घरी या. तो छापील कागद आणू नका."

गाडीत बसल्यावर भावजी म्हणाले, "छिन्नीचा कागद फाटतो, सरांच्या काचेत टोक रुतत नाही. मग उरलं कोण? काकांनीच झोपेत काढलं म्हणायचं का?"

"टेप आणि जाड दोरा घ्या बरोबर," वहिनी म्हणाल्या.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या खोलीत सगळे जमले. काका, सर, छिन्नी, आणि नळकांडं छातीशी धरून आलेल्या संचालिका. आक्का शिवणयंत्रापाशी पाठ करून बसल्या होत्या. सुई चालू होती.

"आक्का, तुमचं टेबल थोडा वेळ लागेल," वहिनी म्हणाल्या.

सुई थांबली. आक्कांनी टेबलावरचे कपडे उचलले. कुणाकडे बघितलं नाही.

"आधी कागदाचं बोलू," वहिनींनी सुरुवात केली. "तीन तावांतला एक गेला आणि त्यावरच हे चित्र निघालं. काका नसताना बाहेरची दोनच माणसं आतपर्यंत आली. आक्का सांगतात, दोघं रिकाम्या हातानं गेले. म्हणजे ताव या घरातून कोरा बाहेर पडलाच नाही. चित्र याच घरात निघालं."

"आक्का खोटं सांगत असतील तर?" छिन्नीनं विचारलं, आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन तो ओशाळला.

"खोटं सांगायचं असतं तर तुमचं नाव सांगणं सोपं होतं. 'छिन्नीच्या काखेत सुरळी होती' एवढं म्हटलं की काम झालं असतं. त्यांनी तसं केलं नाही. दुसऱ्यावर बालंट आणून सुटणं त्यांना जमलं नाही."

वहिनींनी संचालिकांकडून रेखाटन घेऊन टेबलाच्या मध्यावर पसरलं.

"आता हा मधला चौकोन. छिन्नी म्हणाले तसं, छिद्र मोठं होऊ नये म्हणून इथे काहीतरी चिकटवलं होतं. ठसा जाळीचा आहे. नकाशे काढणारा माणूस खापडी वापरतो. जाळीदार, ताठ आणि गरम इस्त्रीनं चिकटणारी वस्तू कोण वापरतं? भावजी, तुमच्या शर्टाची कॉलर कशानं ताठ राहते?"

भावजींचा हात कॉलरकडे गेला. "बकरम."

"आणि आता तुमची कीड." वहिनींनी दोरा काढला. "अकरा कंस, सात छिद्रं. चार कंसांचे मध्य कागदावर मावत नाहीत. ते कुठेतरी बाहेर आहेत, पण याच आडव्या रेघेवर. भावजी, ते टोक धरा."

दोरा कागदावरच्या सातही छिद्रांवरून ताणला गेला आणि दोन्ही बाजूंनी टेबलाच्या कडेपर्यंत पोचला. वहिनींनी कागद बोटभर सरकवला. उजवीकडे दोऱ्याखाली एक भोक आलं, मग कडेपासून दोन बोटांवर दुसरं. डावीकडेही एक, आणि दुसरं. वहिनींनी टेप लावला. मध्यापासून दोन्हीकडची अंतरं केसभरही कमी-जास्त नव्हती.

"कीड अशी मोजून-मापून खात नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांनी भिंतीवरची चार फुटी पट्टी काढली, तिचा खिळा कडेच्या भोकात रोवला आणि दुसऱ्या टोकापाशी पेन्सिल धरून, कागदाला न टेकवता, सावकाश फिरवली. पेन्सिलीचं टोक सर्वांत चपट्या कंसावरून वरपासून खालपर्यंत गेलं. रुळावरून जावं तसं.

सर खाली वाकून ती रेघ बघत राहिले.

"चाळीस वर्षं झग्यांचे घेर आखलेला हात आहे हा," वहिनी म्हणाल्या. "आणि त्याआधीही काहीतरी शिकलेला. आक्का, तुम्ही माझ्याशी एकही शब्द खोटा बोलला नाहीत. फक्त मी नीट विचारलं नव्हतं. आता विचारते. हे तुम्ही काढलंत?"

आक्कांनी चष्मा काढून पदरानं पुसला, परत लावला. "काढलं," त्या म्हणाल्या. मग भावाकडे वळल्या. "मला उघडं पाडायला चार माणसं गोळा केलीस?"

"काकांना हे पहिल्या नजरेत कळलं होतं," वहिनी मध्येच म्हणाल्या. "मला दिलेल्या यादीत घरातलं माणूस नव्हतं, मी विचारल्यावर आलं. आणि मला याच खोलीत बसायचा आग्रह होता. त्यांना नाव नको होतं, आक्का. तुम्हांला नाही म्हणता येणार नाही असा पुरावा हवा होता."

"मी विचारलं होतं तुला," काका म्हणाले. "हसण्यावारी नेलंस. लहानपणापासून तू अशीच. पुरावा दाखवल्याशिवाय कबूल होत नाहीस."

"एवढं कबूल करून घ्यायचं कशाला पण? काम झालं ना?"

"मागच्या वेळीही तू हेच म्हणालीस." काकांनी मान हलवली. ते इतरांकडे वळले. "आमच्या वडिलांनी दोघांना एकाच टेबलावर शिकवलं. हात हिचा चांगला होता. मोजणी खात्यानं अर्जाबरोबर नमुन्याचं एक चित्र मागवलं. माझं बिघडलं. हिचं तयार होतं. मी त्याच्याखाली माझं नाव घातलं. ही समोर उभी होती. मला नोकरी लागली. छत्तीस वर्षं मी नकाशे काढले, आणि हिनं झगे शिवले."

"त्या खात्यात बायकांना घेतच नव्हते," आक्का म्हणाल्या. "माझा कागद पेटीत पडून पिवळा झाला असता. निदान एकाचं तरी पोट त्यावर चाललं. किती वर्षं तेच घोळवत बसलायस?"

"यावेळी कुणी आडवं नव्हतं. यावेळी का लपवलंस?"

टेबलावरच्या कागदावरून आक्कांनी हात फिरवला, कापडाची घडी मोडावी तसा.

"तुझा नासलेला कागद कपाटावर सापडला. वाटलं, तू परत येशील आणि ते काम गेलेलं बघशील. म्हणून बसले. पण खरं सांगू का? तेवढ्यासाठी नाही. हात विसरलाय का, ते बघायचं होतं. पन्नास वर्षांनी पहिले चार दिवस रद्दीवर गिरवलं. सगळं आठवलं. मग थांबवेना. आणि नाव माझं घालायचं माझ्या डोक्यातच आलं नाही रे. सवयच नाही."

काका खुर्चीवर बसले. आक्कांनी त्यांच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. निम्माच भरलेला.

संचालिका म्हणाल्या, "शनिवारचा समारंभ मी रद्द करणार नाही. नाव मात्र बदलावं लागेल."

"बदलू नका, वाढवा," आक्का म्हणाल्या. "आराखडा त्याचा आहे. कुठला तारा कुठे यायचा, ते गणित मला नाही येत. रेघा माझ्या. दोन्ही लिहा."

"आणि उरलेली चार रेखाटनं?"

खोलीतल्या सगळ्यांनी आक्कांकडे बघितलं. छिन्नीचा जीव टांगणीला लागला होता.

"ताव वाढवून द्या," आक्का म्हणाल्या. "एखादा नासणार असं धरून चालते मी. आणि शाई चांगली द्या. ही पाणचट होती."

छिन्नीनं श्वास सोडला. सर म्हणाले, "आक्का, माझ्या वर्गातली मुलं आठवड्यातून एकदा बघायला आणली तर चालतील? लाकडी टेबल त्यांनी पाहिलेलंच नाही."

"चपला बाहेर काढतील आणि मध्ये मध्ये बोलणार नाहीत, तर आण."

काका आपल्या खोलीतून भिंतीवरचा आराखडा घेऊन आले. तो त्यांनी टेबलावर पसरला आणि बोट ठेवून पुढच्या पत्र्यावर ताऱ्यांची जाळी कशी येणार ते सांगू लागले. बोट थरथरत होतं. आक्का बोटाकडे नाही, ते दाखवत होतं तिकडे बघत होत्या. दोन वाक्यांतच त्यांचं भांडण सुरू झालं. काका म्हणत होते मोठ्या ताऱ्यापासून सुरुवात, आक्का म्हणत होत्या बाहेरच्या वर्तुळापासून. वहिनींनी भावजींना खूण केली.

बाहेर पडताना भावजी हळूच म्हणाले, "वहीत काय लिहू? चोरी नाही, फसवणूक म्हणावं तर तीही नाही."

"निकाल लागला, एवढं लिहा."

तेवढ्यात एक बाई हातात निळं कापड घेऊन घाईघाईनं पायऱ्या चढून आल्या. "आक्का, पंधरा दिवसांनी लग्न आहे भाचीचं. पायघोळ झगा हवाय."

आक्का दारात आल्या. कापड त्यांनी बोटांत धरून बघितलं, चांगलं आहे अशी मान हलवली आणि परत दिलं.

"दोन महिने शिवण घेत नाही मी. कामात आहे."

"काम म्हणजे शिवणच ना?"

"नाही," आक्का म्हणाल्या. "कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे द्या. हात साफ आहे त्याचा. घेर मात्र कमी धरतो, तेवढं आधीच सांगून ठेवा."

आणि त्या आत वळल्या, कारण काका पुन्हा 'आधी मोठा तारा' म्हणताना त्यांना ऐकू आले होते.